पेटीची कडी

२ डिसेंबर

नाचणगावला पोचले. पिपरी मेघेहून निघताना बाबा सोडायला येतो म्हणत होते, मी नको म्हटलं. पुलगावपर्यंत बस, पुढे ऑटो. एवढ्यासाठी कुणाला दिवस मोडायला लावायचा?

प्रभाकरराव सर फाटकाशीच उभे होते. वय एकसष्ट. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. तुम्ही जादूगार वाटत नाही, असं मी म्हणून गेले. ते हसले. म्हणाले, म्हणूनच तर चालते.

त्यांच्या कार्यक्रमाचं नाव 'चमत्कार आणि उलगडा'. आधी जादू दाखवायची, मग ती कशी केली ते सांगायचं. लोकांनी बुवाबाबांना फसू नये म्हणून. जिल्ह्यात असं गाव नसेल जिथे सरांचा प्रयोग झाला नाही. मीही सहावीत असताना पाहिला होता.

माझी कामं दोन. पहिलं, आवाज. निवेदन मी लिहायचं आणि माझ्या आवाजात रेकॉर्ड करायचं. ते स्पीकरवर वाजेल. दुसरं, जोडीदारीण. पेटीतली मुलगी मोहिनी. ती नाहीशी झाली की तसाच झगा घालून मी लोकांच्या मागून धावत यायचं. आमची उंची सारखी आहे, पाच फूट दोन इंच. सुलोचनाकाकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोने, चहाच्या आधी टेप काढून माप घेतलं. पोरगी अशी बरोब्बर भेटली का शिवायचा वैताग वाचते, म्हणाल्या.

झगा गुलाबी, टिकल्यांचा. चेहऱ्यावर जाड जाळीची ओढणी. माझा जुना आहे. काखेखाली आणि पोटाजवळ रफू केलंय, इतकं बारीक की बोट फिरवल्यावरच कळतं. काकूंच्या हाताला मानलं पाहिजे.

जेवायला तुरीच्या सोल्यांची भाजी होती. चार पोळ्या खाल्ल्या.

४ डिसेंबर

आज शिकवणी. सरांनी दुधी भोपळा कापला, आतून रक्त आलं. आत हळदीचं पाणी भरलेलं, सुरीच्या पात्याला चुना. हळदीला चुना लागला की लाल. मला हे माहीत होतं, तरी अंगावर काटा आला.

मग ते बोलत राहिले, मी लिहून घेतलं. जादूगार जिकडे पाहतो तिकडे लोक पाहतात, त्याच्या हाताकडे नाही. मोठी हालचाल लहान हालचालीला झाकते. हसल्यानंतर एक क्षण कुणीच काही पाहत नाही, काम त्या क्षणात करायचं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, उलगडा. लोकाईले एकदा सांगून देल्लं का मंग ते पाहतच नाई, म्हणाले. त्यायले वाटते, आपल्याले तं माहीत हाय.

पेटी हिरालालभाऊंनी केलेली. ते सुतार आणि टेम्पोचे ड्रायव्हरही. बोलत नाहीत. पेटी उभी, माणसाच्या उंचीची, इतकी अरुंद की आत वळताही येत नाही. वरचं अर्धं दार उघडलं की मुलगी कमरेपर्यंत दिसते. ती हात हलवते, दार बंद. मग ती आतली कडी सरकवते, पायाखालची फळी उघडते आणि ती खालच्या चोरकप्प्यात बसते. वरून पाच तलवारी आरपार. ती खालून ओरडते, लाल पाण्याची पिशवी दाबते. तलवारी काढल्या की पूर्ण दार उघडायचं. पेटी रिकामी. आणि लोकांच्या मागून मी.

उलगडा करायला पुठ्ठ्याची छोटी पेटी आहे. तिच्यात सर दुहेरी तळ दाखवतात. खऱ्या पेटीकडे मग कुणी येत नाही.

५ डिसेंबर

रेकॉर्डिंग. दारंखिडक्यांना गोधड्या लावून. तलवारींच्या वेळचं निवेदन मी असं लिहिलं: आता ती ओरडेल. घाबरू नका. ओरडणं खेळाचाच भाग आहे. ती जितक्या जोरात ओरडेल तितक्या जोरात टाळ्या वाजवा.

सरांना फार आवडलं. तीनदा म्हणायला लावलं. हसत म्हण, म्हणाले. हसलेलं ऐकू येते.

९ डिसेंबर

पहिला प्रयोग, एका शाळेच्या पटांगणात. मी आंब्याच्या झाडामागे झगा घालून उभी होते. पेटी रिकामी निघाली आणि सहाशे लोक गप्प झाले. मी धावले. ती माती, ते वळणारे चेहरे, मग टाळ्या! ओढणीतून काही नीट दिसत नव्हतं. मोहिनी म्हणून मी हात हलवला आणि सगळ्यांनी मला मोहिनी मानलं. चेहरा झाकला की लोक हवा तो चेहरा तिथे बसवतात.

परतल्यावर आईला फोन लावला आणि उगाच किंचाळले. आई, तलवार लागली, रक्त थांबत नाही. आई रडायलाच लागली. मग मी हसले. तिने मला शिव्या घातल्या, मग तीही हसली. नाटकी हायेस तू, म्हणाली. शेजारपाजारच्या बायकांना सांगितलंही असेल. सरांना हे सांगितलं. ते बराच वेळ हसत होते.

१४ डिसेंबर

मोहिनी बावीस वर्षांची. आर्वीला मावशी, बाकी कुणी नाही. माझ्या बोलण्याची नक्कल करते. मी 'नाही' म्हटलं की ती 'न्नाऽही' म्हणते आणि पोट धरून हसते. म्हणते, तू पिपरीची हायेस का पुण्याची? काऊन एवढी पुस्तकासारखी बोलून राह्यली?

तिच्याआधी पेटीत दिपाली होती. तेव्हा मोहिनी माझ्या जागी धावायची. दिपालीचं नागपूरला लग्न झालं. मले पत्रिकाबी नाई देल्ली, असं म्हणून मोहिनी एकदम उठली आणि भांडी घासायला गेली. भांडी घासलेलीच होती.

१८ डिसेंबर

आज अपघात झाला.

देवळीकडच्या एका गावात, सकाळी अकराचा प्रयोग. कडी अडकली. मोहिनी वरच होती आणि सरांना ते कळलं नाही. दुसरी तलवार तिच्या मांडीतून गेली. ती किंचाळली.

मी मागे, ट्रॅक्टरच्या आडोशाला. ती किंचाळी मी ओळखली नाही. मला वाटलं, वा, आज काय ओरडली पोरगी. स्पीकरवर माझा आवाज सांगत होता, घाबरू नका. आणि टाळ्या पडल्या. तशा टाळ्या मी कधी ऐकल्या नव्हत्या. बायका उठून उभ्या राहिल्या. सरांनी हात वर केला, पुढच्या तलवारी घातल्या नाहीत. कडी तेवढ्यात सुटली. पेटी रिकामी दिसली. मी धावले.

टेम्पोत पेटी उघडली तेव्हा मोहिनीचा झगा कमरेखाली काळा पडला होता. काकूंनी जखम धुतली, स्वतःच टाके घातले. ज्या सुईने रफू करतात, त्याच सुईने. दवाखान्यात नेलं तं कार्यक्रम बंद होतीन, म्हणाल्या.

१९ डिसेंबर

सकाळी सर अंगणात खुर्ची टाकून बसले होते. मोबाइलवर कालचं शूटिंग. चित्र पाहत नव्हते, डोळे मिटून ऐकत होते. किंचाळी, टाळ्या. मागे नेऊन पुन्हा किंचाळी, टाळ्या. मला जवळ बसवलं. म्हणाले, पस्तीस वर्षं पोरं शिकवली, तीस वर्षं जादू दाखवली. असा आवाज मले कधी नाई भेटला. एकदाच भेटला होता.

कधी, विचारलं. ते पुन्हा मागे नेऊन ऐकायला लागले.

२१ डिसेंबर

हिरालालभाऊंनी पेटीची कडी काढून बाहेर बसवली. मागच्या बाजूला, पायाने दाबायची. मोहिनी विसरते, असं कारण. ती विसरली नव्हती, कडी अडकली होती. मी तसं म्हटलं. हिरालालभाऊंनी स्क्रू आवळला आणि पहिल्यांदाच माझ्याशी बोलले. म्हणाले, तुमचं काम धावायचं.

आता फळी आतून उघडत नाही.

२४ डिसेंबर

मोहिनीची दोन बोटं गेली. डाव्या हाताची.

प्रयोगात. तलवार तिने हाताने धरली असणार. मी धावत आले तेव्हा सर मला पाहून टाळ्या वाजवत होते. त्यांच्या बुटावर थेंब होते. पुढच्या रांगेतल्या बायका म्हणत होत्या, हळद-चुना हाय, धुतलं का जाते.

बोटं काकूंनी फडक्यात गुंडाळली. चूल पेटलेली होती.

मोहिनीचा आणि माझा, दोन्ही मोबाइल सरांनी काढून घेतले. बाहेरच्या दाराला कुलूप असतं.

२५ डिसेंबर

मोहिनीने सांगितलं. ताप होता, पण शुद्धीवर होती.

दिपालीचं लग्न झालं नाही. गेल्या वर्षी दिपाली पेटीतून बाहेरच आली नाही. लोकांच्या मागून मोहिनी धावत आली, हात हलवला, टाळ्या घेतल्या. पेटी टेम्पोत चढवली, तिच्यासमोर उघडली नाही. सर म्हणाले, दिपाली नागपूरले गेली. मोहिनी हो म्हणाली. मग सरांनी तिला व्हिडिओ दाखवला. दिपाली जिवंत आहे हे सगळ्या गावाने पाहिलं होतं. दाखवणारी ती स्वतः होती.

म्हणाली, मले टाळ्या आवडल्या होत्या अंकिता. तुलेबी आवडते न?

मी उठून झगा उजेडात धरला.

माझ्या झग्याचं रफू मोजलं. काखेखाली एक. पोटाजवळ दोन. पाठीला तीच तीन, समोरच्यांच्या बरोबर मागे.

२७ डिसेंबर

उद्या रोहण्याला प्रयोग आहे. त्याआधी आर्वीहून सामान घ्यायचं आहे. मोहिनी आजच खिडकीचे गज वाकवून पळू म्हणत होती. मी नको म्हटलं. तिचा पाय धड नाही, वावरातून धरतील. मी म्हटलं, उद्या आर्वीच्या चौकात टेम्पो थांबतो, तिथे दोघी उतरू, ओरडू, मावशीकडे जाऊ. फक्त तिथपर्यंत धीर धर.

ती बरं म्हणाली. माझ्यावर विश्वास ठेवला.

२८ डिसेंबर

टेम्पो आर्वीला गेलाच नाही.

रोहणा. बाजाराचा दिवस. दुपारी बारा. मला त्यांनी मंडपामागे उभं केलं, हिरालाल शेजारी. त्याच्या हातात सुतारकामाची पटाशी, माझ्या बरगडीला टेकवलेली. म्हणाला, धाव म्हटलं का धावायचं.

मोहिनीने वरच्या अर्ध्या दारातून हात हलवला. तीन बोटांचा. लोक हसले. त्यांना वाटलं, तीही जादू.

पहिली तलवार. तिने माझं नाव घेतलं. दुसरी. पुन्हा माझं नाव. स्पीकरवर मीच हसत सांगत होते, जितक्या जोरात ओरडेल तितक्या जोरात. तिसरीला ती ओरडली नाही, वेगळा आवाज आला, पाणी ओतल्यासारखा. चौथी सरांनी सावकाश घातली. पाचवीला दोन्ही हात लावावे लागले.

खालून रक्त आलं, पाटाने आलं. पहिल्या रांगेतला धोतरवाला म्हातारा वाकला, दोन बोटं बुडवली, वर करून सगळ्यांना दाखवली. हळद-चुना! अख्खा बाजार हसला.

सरांनी पायाने कडी दाबली. आत काहीतरी पडलं. जड.

पेटी रिकामी.

पटाशी टोचली. मी धावले.

मी धावले. हात हलवला.

२९ डिसेंबर

पहाटे न्हाणीच्या खिडकीतून निसटले. पोलीस चौकीत गेले. हवालदाराने खुर्ची दिली, पाणी दिलं. सगळं सांगितलं. तो मध्येच हसायला लागला. काल तो रोहण्यालाच बंदोबस्ताला होता. मोबाइल काढून दाखवलं. हे पहा मॅडम, धावत आली न ते. ती मी आहे, म्हटलं. हो का, म्हणाला, मंग पेटीत कोण होतं? मोहिनी. मंग मोहिनी कुठं गेली? म्हटलं, चोरकप्प्यात. तो खूश झाला. हा, दुहेरी तळ हाय न पेटीले! सरायनं मले सातवीतच दाखवलं होतं.

मी टेबलावर डोकं आपटलं. कपाळातून रक्त आलं. त्याने बोट लावून पाहिलं आणि म्हणाला, ॲक्टिंग जबरदस्त करून राह्यल्या तुम्ही.

त्यानेच सरांना फोन केला. सर आले. तो त्यांच्या पाया पडला.

३० डिसेंबर

डावा हात हिरालालने दाराच्या फटीत घालून मोडला. दार त्याने दोनदा ओढलं. सर म्हणाले, झगा फाटला नाई पायजे.

उजव्याने लिहिते आहे. निवेदनाची ही वही माझ्याजवळच राहिली. ती कोणी मागितली नाही.

मागच्या वावरात कपाशीच्या वाळल्या पराट्यांचा ढीग जळतो आहे. कालपासून. वास कापसाचा नाही.

३१ डिसेंबर

आईचा फोन आला. सरांनी स्पीकरवर लावून माझ्यासमोर धरला. मी सगळं ओरडून सांगितलं — मोहिनीला मारलं, माझा हात मोडला, आई, ये.

आई हसली. म्हणाली, आता नाई फसत मी बाई. मागच्या वेळी बीपी वाढलं होतं. मग सरांना म्हणाली, पिपरीले कार्यक्रम ठेवला म्हणे चार तारखेले, पोरीच्या गावी, आमी समोरच बसतो.

सर म्हणाले, नक्की येजो, मनकर्णाबाई.

२ जानेवारी

नवी मुलगी आली. खिडकीतून दिसते. बॅगेला लाल रिबीन. काकू टेप घेऊन तिचं माप घेताहेत. ती हसते आहे.

मी ओरडले — पळ, माप देऊ नको, पळ —

सरांनी तिला काहीतरी सांगितलं. तिने खिडकीकडे पाहून टाळ्या वाजवल्या.

माझा झगा तिला नेऊन दिला. मला मोहिनीचा. पाठीवर रफू अजून ओलं.

३ जानेवारी

दुपारी तिचं रेकॉर्डिंग ठेवलं होतं. मग सर नको म्हणाले. जुनंच चांगलं आहे. अंकिताचंच राहू द्या.

४ जानेवारी

पेटीत. टेम्पोपासूनच. तलवारींच्या फटींतून उजेड येतो, त्यात लिहिते.

तोंड बांधलेलं नाही. त्यांना ओरडायला हवं आहे.

पिपरी. आवाजांवरून कळतं. वाटेभर ओरडले. कोणीतरी पेटीवर थाप मारून म्हणालं, थोडा वेळ थांबा मॅडम, अकराले सुरू होते —

फळी नखांनी — उघडत नाही. कडी बाहेर. लाकडावर आधीच ओरखडे आहेत. माझे नाहीत.

भोपळा कापला. लोक हसले.

आईचा आवाज. अगदी समोर. बाबाही. आई कुणाला तरी सांगते आहे, पेटीत नाई बसत थे, थे मागून येते धावत, पाहाच तुमी.

दार उघडताहेत. वही पाठीमागे —

उघडलं होतं. ओढणी एका हाताने ओढली, निघाली नाही, केसांना शिवली आहे. मी ओरडले आई — आई मी अंकिता — मोडलेला हात वर केला. सगळे हसले. आई हसली. तिने हात हलवला, मला नाही, मागे वळून, मंडपाच्या मागे, जिथे मी असेन —

दार बंद.

माझा आवाज सुरू झाला. आता ती ओरडेल. घाबरू नका. किती हसते आहे मी.

ओरडणार नाही. त्यांना तेवढं तरी देणार नाही. नाही ओरडले तर टाळ्या नाहीत, कुणीतरी विचारेल काऊन ओरडली नाई, कुणीतरी पेटी उघ—

पहिली. डाव्या कुशीत. ओरडले नाही. दात —

बाहेर शांतता. आई म्हणते, ओरडत काऊन नाई? आई विचार, अजून विचार, उठ, जवळ ये, पेटीला हात

सर म्हणताहेत, बाई वरडायचं विसरल्या वाटते, जरा जोरात टाळ्या वाजवा, तिले ऐकू जाऊ द्या

आई वाजवते आहे. ओळखते मी. बांगड्या. सगळ्यात आधी आई

दुसरी फट काळी झा